सुंठीचीं माणसें

सणाचा पदार्थ करतांना घरांत किती माणसें गोळा होतात, ह्यावर त्याचें अर्धें मोल ठरतें, असें माझें मत दिवसेंदिवस दृढ होत चाललें आहे. केवळ चवीचाच प्रश्न असता, तर दिवाळीचा फराळ आजकाल दुकानांत बारा महिने मिळतो, आणि पुष्कळदां तो घरच्याहून खुसखुशीतही असतो. तथापि डबे उघडून ताटें भरलीं म्हणजे सण झाला, असें आपल्यांपैकीं कोणासही मनापासून वाटत नाहीं. कांहींतरी उणें राहिल्याची रुखरुख लागते. तें उणें कोणतें, हें मला एका परक्या देशाच्या स्वयंपाकघरांत अधिक स्पष्ट दिसलें. म्हणून तेथील एका पदार्थाची हकीकत वाचकांस सांगावी असें योजिलें आहे.

माझा मुलगा नोकरीनिमित्त जर्मनींत, बव्हेरिया प्रांतांतील न्यूरेंबर्ग शहराजवळ राहतो. गेले तीन हिवाळे मीं त्याच्याकडे काढले. डिसेंबरांत तेथें दुपारीं साडेचारच्या आंतच अंधार पडतो, आणि थंडीमुळें मुलेंमाणसें घरांत कोंडलीं जातात. नाताळापूर्वींच्या चार रविवारांना तेथें मोठें महत्त्व आहे. दर रविवारीं एक एक मेणबत्ती अधिक लावावयाची, आणि ह्या आठवड्यांत घरोघर नाना तऱ्हेचीं बिस्किटें भाजावयाचीं, असा परिपाठ आहे. त्यांत मानाचें म्हणजे मधांत मळलेलें, सुंठ, दालचिनी, लवंग, वेलची घातलेलें तपकिरी बिस्किट. इंग्रज त्याला जिंजरब्रेड म्हणतात, जर्मन लोक लेबकूखन म्हणतात. पीठ पातळ लाटून माणसांच्या, चांदण्यांच्या, हृदयांच्या आकाराच्या साच्यांनीं कापावयाचें, भाजावयाचें आणि वर साखरेच्या पांढऱ्या रेघांनीं सजवावयाचें, हा त्याचा घरगुती प्रकार.

ह्या नांवाचा प्रवास मोठा मौजेचा आहे. 'जिंजर' हा शब्द लॅटिन 'झिंगिबेर' ह्यावरून, तो ग्रीक 'झिंगिबेरिस' ह्यावरून, आणि तो प्राकृताच्या वाटेनें आपल्या 'शृंगवेर' शब्दाशीं येऊन मिळतो. शृंगवेर म्हणजे आलें. संस्कृतानेंही हा शब्द दक्षिणेकडील भाषांतून घेतला असावा, असें भाषापंडितांचें मत आहे; तमिळमध्यें 'इंजि' म्हणजे आलें आणि 'वेर' म्हणजे मूळ. जर्मनीच्या कांहीं भागांत ह्याच जातीच्या बिस्किटाला 'फेफरकूखन', म्हणजे मिऱ्यांचा केक, म्हणतात. त्यांतील 'फेफर' आपल्या 'पिप्पली'पासून निघालेला आहे. मलबारच्या किनाऱ्यावरचा मसाला समुद्रमार्गें अरबांच्या देशांत, तेथून व्हेनिसला आणि पुढें आल्प्स पर्वत ओलांडून न्यूरेंबर्गच्या पेठेंत येत असे. शहराभोंवतींच्या राखीव अरण्यांत मधमाशा पाळणाऱ्यांची वस्ती होती. अशा रीतीनें मध तेथला आणि मसाला आपल्याकडचा, असा हा संयोग झाला. त्या शहरांत हे केक भाजणाऱ्याचा लेखी उल्लेख १३९५ सालचा आहे. १६४३ सालीं त्या कारागिरांचा स्वतंत्र संघ झाला. १४८७ सालीं सम्राट तिसरा फ्रेडरिक ह्यानें गांवांतील हजारों मुलांना बोलावून आपली छबी उठविलेले केक वाटले, असें तेथें आवडीनें सांगतात. १९९६ सालापासून युरोपांत कायद्यानेंच ठरलें आहे कीं, न्यूरेंबर्गांत भाजलेल्या केकालाच त्या गांवाचें नांव लावावें.

आतां कृति सांगतें. अर्धा किलो मैद्यास पाव किलो मध, सव्वाशे ग्रॅम लोणी, तितकीच साखर आणि दोन मोठे चमचे मसाल्याची पूड लागते. मध, साखर व लोणी मंद आंचेवर वितळवून त्यांत मसाला घालतात आणि कोमट झाल्यावर मैदा मिसळतात. पीठ फुगावें म्हणून एक प्रकारचें मीठ घालतात, त्याचें जुनें नांव 'हरणाच्या शिंगाचें मीठ'. पूर्वीं तें खरोखरच शिंगें तापवून काढीत. हल्लीं तें रसायनाच्या कारखान्यांत तयार होतें, तेव्हां आपणांस संकोच नको. भट्टीच्या उष्णतेनें त्याचा वायु होऊन निघून जातो आणि पातळ बिस्किटांत त्याचा वास उरत नाहीं. मात्र कच्चें पीठ मुलांना चाटूं देऊं नये. कित्येक जण अंडेंही घालतात, पण त्यावांचून कांहीं अडत नाहीं. दोन चमचे दूध पुरतें. हें पीठ निदान एक रात्र झांकून ठेवावें लागतें. मग चार मिलिमीटर जाडीची पोळी लाटून साच्यांनीं आकार कापावयाचे आणि १८० अंश सेल्सियसवर सुमारें दहा मिनिटें भाजावयाचे. बाहेर काढतांना बिस्किट मऊ असतें आणि निवतांना कडक होतें. हें ठाऊक नसलें तर तें भट्टींत करपून जातें. डब्यांत सफरचंदाची एक फोड ठेविली कीं तें पुनः नरम पडतें.

सजावटीसाठीं पिठीसाखर अंड्याच्या पांढऱ्या बलकांत घोटण्याची तेथें चाल आहे. आमच्या घरीं ती लिंबाच्या रसांत घोटतात. सुकावयास वेळ अधिक लागतो, एवढाच फरक. ही साखर कागदाच्या कोनांत भरून टोंकाला बारीक छिद्र पाडावयाचें आणि रेघा काढावयाच्या. आमच्या सूनबाईनें तो कोन प्रथम हातीं धरला, तेव्हां मेंदीच्या कोनाची तिला इतकी संवय होती कीं शेजारची जर्मन बाई पाहातच राहिली. मला मात्र आठवण झाली ती संक्रांतीच्या हलव्याच्या दागिन्यांची. नव्या सुनेच्या किंवा बोरन्हाणाच्या बाळाच्या अंगावर साखरेचे काटेरी दागिने घालणाऱ्या आपल्या बायकांना, साखरेनें शोभा करण्याची ही हौस परकी वाटण्याचें कारण नाहीं.

ह्या पदार्थाचा एक गुण मात्र मला आपल्या फराळांत क्वचितच आढळतो. ह्याचें पीठ अत्यंत सोशिक आहे. चार वर्षांच्या नातवानें तें चार वेळां गोळा करून पुनः लाटलें, तरी तें रागावत नाहीं. साचा वांकडा पडला, माणसाचा एक पाय आंखूड झाला, तरी भाजल्यावर तो तसाच उभा राहतो आणि चवीस उणा होत नाहीं. आपल्या अनारशाचेंही पीठ दिवसेंदिवस मुरत ठेवावें लागतें. पण गूळ किंचित् अधिक झाला कीं अनारसे तुपांत हंसतात आणि केलेले श्रम वायां जातात. चकली मोडते, करंजी उकलते, कढईंतलें तेल लहानांना जवळ येऊं देत नाहीं. शिवाय जुन्या घरांत सोंवळें होतें. म्हणून आपला फराळ निपुण हातांचें काम झाला, आणि त्यांत निपुणतेचें जें सौंदर्य आहे तें दुसऱ्या पदार्थांत सांपडणार नाहीं. पण त्याची किंमत म्हणून मुलें दाराबाहेर उभीं राहिलीं. एकत्र कुटुंबांत हें खपून जाई, कारण दाराबाहेरही दहा भावंडें असत आणि सणाचा गलबला सर्व घरभर भरून राही. परदेशच्या तीन खोल्यांच्या बिऱ्हाडांत दाराबाहेर उभें राहणारें मूल एकटेंच असतें.

पहिल्या वर्षीं मुलांनीं केलेल्या बिस्किटांचें छायाचित्र पुण्यास गेलें. त्या रात्रीं आमच्या धाकट्या भाऊजींचा फोन आला. पुण्याच्या घराचे आतां तेच कर्ते आहेत, आणि त्यांच्या बोलण्यांत टोमणा नसतो, काळजी असते. ते म्हणाले, "वहिनी, मुलांना हीं बाहुलीं छान करतां येतात. पण आपला कुळधर्म काय, कुळाचार काय, हें त्यांना कोण सांगणार?" मला लगेच उत्तर देतां आलें नाहीं. कारण त्याच दिवाळींत नऊ वर्षांची नात सहज बोलून गेली होती, "आजी, तुमच्या दिवाळीला आमच्या शाळेला सुट्टी नसते." त्यांतील 'तुमच्या' हा शब्द माझ्या मनांत कांट्यासारखा रुतून बसला होता. नाताळाला मात्र ती 'तुमचा' म्हणत नसे. ह्याचें खापर सुट्टीवर किंवा शाळेवर फोडणें सोपें होतें. पण सुट्टी असूनही जो सण मुलाच्या हातून गेलेला नाहीं, तो त्याचा कसा व्हावा?

ह्या प्रश्नाचें उत्तर मला पुढच्या वर्षीं, ध्यानीं मनीं नसतां, नातीकडूनच मिळालें. तिनें ठरविलें कीं, ह्या खेपेस चांदण्या नकोत, हृदयें नकोत. पुण्याच्या घरांतलीं सगळीं माणसें करावयाचीं. मोजदाद सुरू झाली. पुण्याचीं अठरा आणि येथलीं पांच, मिळून तेवीस. प्रत्येकाला ओळख हवी, म्हणून प्रत्येकाची चौकशी झाली. चुलतआजोबांना मिशा आहेत, आत्याआजीचा अंबाडा केवढा असतो, मोठ्या काकू नऊवारी कधीं नेसतात आणि पांचवारी कधीं, हें सर्व मला सांगावें लागलें. जर्मन भाषेंत काका, मामा, मावसा, आत्याचे यजमान ह्या सर्वांना एकच शब्द पुरतो. साखरेनें नांव लिहितांना मात्र 'कोणता काका' हें सांगितल्यावांचून चालेना. आणि एरव्हीं कंटाळून सोडून दिलेली नात्यांची उजळणी तिनें एका संध्याकाळीं आपण होऊन पुरी केली.

तेविसावें माणूस झाल्यावर ताटांत पिठाचा एक गोळा उरला. ती म्हणाली, "आजी, आजोबांचें करूं कां?"

ह्यांना जाऊन सहा वर्षें झालीं होतीं. तिनें त्यांना पाहिलें होतें, पण आठवावें अशा वयांत नव्हे. मीं 'कर' म्हटलें. मग प्रश्न सुरू झाले. चष्मा होता कां? होता. गोल कीं चौकोनी? शर्टाला खिसा होता कां? त्यांत काय असे? मीं सांगितलें कीं ते शिक्षक होते, खिशांत सदा दोन पेनें असत, एक निळें आणि एक तांबडें. तांबड्यानें ते वह्या तपाशीत, आणि घरीं आलेल्या लग्नपत्रिकांतल्या चुकाही त्याच पेनानें दुरुस्त करीत. ती हंसूं लागली. बीटाच्या रसानें थोडी साखर रंगवून तिनें खिशांत एक तांबडी रेघ काढली. सूनबाई पाठमोरी होऊन ओटा पुशीत होती. ती बराच वेळ तोच ओटा पुशीत राहिली.

सर्व माणसें दोऱ्यानें बांधून स्प्रूसच्या एका फांदीला टांगलीं. तेथें सहा जानेवारीच्या सुमारास पुष्कळ घरीं ही शोभा उतरवितात आणि टांगलेला खाऊ मुलें फस्त करतात. त्या दिवशीं येथलीं पांच माणसें हसतखेळत खाऊन झालीं. आजोबांचें काय करावयाचें, ह्यावर मात्र सगळीं थबकलीं. मीं त्याचे सहा तुकडे केले. पांच आम्हीं घेतले आणि सहावा खिडकीच्या कठड्यावर बाहेर ठेविला. "हा कोणाला?" असें नातीनें विचारलें, आणि मीं तिला सांगितलें. कावळा तेथेंही असतो. तो लवकर आला नाहीं, तरी मुलें बराच वेळ कांचेला नाक लावून बसलीं होतीं. भाऊजींच्या प्रश्नाचें निदान एक उत्तर त्या दुपारीं दिलें गेलें, असें मला वाटतें.

पुण्याचीं अठरा माणसें एका स्नेह्याबरोबर डब्यांतून पाठविलीं. प्रवासांत भाऊजींचा हात मोडला. त्यांनीं मुद्दाम फोन करून नातीला विचारलें, "माझ्या हाताला आतां प्लास्टर कसलें घालूं?" ती म्हणाली, "साखरेचें. पण आजोबा, लिंबू पिळायला विसरूं नका." त्यानंतर दर रविवारीं दोघांचें बोलणें होतें, विषय कुळाचाराचा नसतो, पण अधूनमधून तोही निघतो.

आपण दिवाळी सोडून ही बिस्किटें भाजावींत, असा माझा मुळींच आग्रह नाहीं. सांगणें इतकेंच कीं, प्रत्येक सणाच्या कामांत एखादी जागा अशी असावी कीं जेथें लहान हात चुकला तरी पदार्थ बिघडत नाहीं. आपल्याकडे तशा जागा नाहींत असें नाहीं. शंकरपाळ्याची पोळी वांकडी कापली तरी ती तळतां येते. करंजीच्या कडेवर कातण फिरवावयास फार बळ लागत नाहीं. किल्ल्याचा चिखल तर मुलांचाच. कढई मोठ्यांकडे ठेवून कातण लहानांकडे द्यावें. गेल्या दिवाळींत आमच्या घरीं शंकरपाळ्यांत तीन हत्ती आणि एक चष्मेवाला माणूस निघाला. नैवेद्याच्या ताटांत तोही होता.