कोवलम: दर्ग्याजवळचा समुद्र

कोवलम म्हटले की बहुतेकांना केरळचा किनारा आठवतो. तामिळनाडूतही एक कोवलम आहे. चेन्नईहून महाबलीपुरमकडे जाणाऱ्या ईस्ट कोस्ट रोडवर, शहरापासून साधारण 40 किलोमीटरवर, मच्छीमारांचे हे गाव लागते. इथे हजरत तमीम अन्सारी यांची दर्गाह आहे. ते सहाबी होते, अशी इथल्या लोकांची श्रद्धा आहे. लांबलांबून कुटुंबे जियारतीला येतात. आम्हीही डिसेंबरच्या सुट्टीत त्याच इराद्याने गेलो. जियारत झाली, जोहरची नमाज झाली, आणि मुलांनी आम्हाला वाळूकडे ओढले.

किनाऱ्यावर होड्या, जाळी, सुकत घातलेली मासळी हे सगळे आपल्या कोकणासारखेच. नवलाची गोष्ट पाण्यात होती. मच्छीमारांची पोरे लांब फळ्यांवर उभी राहून लाटांवरून घसरत येत होती. याला सर्फिंग म्हणतात. मूर्ती मेगावन या मच्छीमाराने हा खेळ इथे रुजवला आणि गावातल्या मुलांना शिकवला. तसा लाकडावरून लाट ओलांडण्याचा सराव इथे जुनाच आहे. ओंडके दोरीने बांधून केलेल्या तराफ्याला तमिळमध्ये ‘कट्टुमरम’ म्हणतात आणि इंग्रजीतला ‘कॅटामरान’ त्यावरूनच आला.

छातीभर पाण्यात एक तरुण जलरोधक पेटीतला कॅमेरा घेऊन उभा होता. बाहेर आल्यावर त्याने मुलांना फोटो दाखवले. लाट वळताना तिच्या पोटात शिरलेला प्रकाश, काचेसारखे हिरवे पाणी, त्यावर तोल सांभाळणारा मुलगा. सुभानअल्लाह म्हणावे असेच ते फोटो होते. ते पाहून आमची मुले पाण्यात जायला अधीर झाली. आदल्या रात्री चांगला पाऊस झाला होता, म्हणून आम्ही त्यांना घोट्याच्या वर जाऊ दिले नाही. मुले रुसली. पाणी तर इतके स्वच्छ दिसत होते!

कारण असे की, पाण्यातले जंतू कॅमेऱ्याला दिसत नाहीत. गावाच्या उत्तरेला मुट्टुकाडूची खाडी आहे. तिला बकिंगहॅम कालवा येऊन मिळतो. इंग्रजांच्या काळातला हा कालवा चेन्नई शहरातून येतो आणि शहरात त्याचे अक्षरशः गटार झाले आहे. या किनाऱ्यावर मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. त्या पुराबरोबर कालव्यातले आणि खाडीतले साचलेले पाणी समुद्राकडे वाहते.

कोवलमच्या किनाऱ्याला 2021 मध्ये ‘ब्लू फ्लॅग’ हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. त्यासाठी पाण्याचे नमुने नियमित तपासावे लागतात. 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय जंतूंची मर्यादा 250, तर एन्टेरोकोकाय जंतूंची 100 आहे. दोन्ही जंतू विष्ठेतून येतात, म्हणजे ते सापडले की सांडपाणी मिसळले असे समजावे. तपासणीचे निकाल किनाऱ्यावरच्या फलकावर लावणे बंधनकारक आहे. मानांकनामुळे किनाऱ्याची देखरेख होते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण झेंडा किनाऱ्याच्या एका पट्ट्याला मिळतो आणि पाणी तर पलीकडूनही येते.

जो पाण्यात सर्वाधिक राहतो, त्यालाच याचा पहिला फटका बसतो. ब्रिटनमध्ये एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सेफोटॅक्सिम या प्रतिजैविकाला दाद न देणारे ई. कोलाय जंतू सर्फिंग करणाऱ्या 9 टक्के लोकांच्या आतड्यांत सापडले. सर्फिंग न करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण 3 टक्के होते. कोवलमची पोरे तर रोज पाण्यात असतात, आणि समुद्र हेच त्यांचे घरअंगण आहे.

परतताना मुलांनी विचारले, “समुद्राचे पाणी तर पाक असते ना?” प्रश्न रास्त होता. समुद्राच्या पाण्याने वुजू होतो, हे हदीसवरून आपल्याला ठाऊक आहे. नजासत पडून पाण्याचा रंग, वास किंवा चव बदलली का, हेही फिकहमध्ये पाहिले जाते. पण वुजूसाठी पाक असणे आणि नाकातोंडात गेले तरी निर्धोक असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट प्रयोगशाळेलाच विचारावी लागते. आणि याच दीनने पाणवठा, वाट आणि सावली या जागी घाण करण्यास मनाई केली आहे. मग अख्ख्या शहराची घाण समुद्रात सोडणे कसे चालेल?

जियारतीला आलेल्यांनीही आपल्यापुरते पाहावे. आम्ही निघालो तेव्हा वाळूत पाण्याच्या बाटल्या, बिर्याणीची प्लास्टिकची डबी आणि बाळांचे डायपर पडले होते. ते काही कालव्यातून आले नव्हते. मुलांनी आणि आम्ही मिळून दोन पिशव्या भरल्या.

कोवलमला जरूर जा. मुलांना घेऊन जा. पाण्यात उतरण्याआधी फलक वाचा. मोठ्या पावसानंतर तीन दिवस डुंबणे टाळा. अंगावर जखम असेल किंवा कान दुखत असेल तर काठावरच बसा. आणि आणलेले सामान, रिकामी डबीसुद्धा, परत घरी न्या. त्या पाण्यात उद्या सकाळी गावातली मुले उतरणार आहेत.