पऱ्हाटीचा ठसा

पोस्टमनदादांनी ते कार्ड दारातच उलटंपालटं करून पाहिलं आणि मगच माझ्या हातात दिलं. "बाई, तिकीट बरोबर हाय, तारखेचा शिक्का बी हाय. पण हा तिसरा शिक्का आपल्या खात्यातला नाही जी." कार्ड इंग्लंडातल्या प्लिमथहून आलं होतं, माझ्या भाचीचं. कोपऱ्यात तपकिरी शाईत अंगठ्याएवढं घोड्याचं शिंगरू उमटलं होतं. छापखान्यातलं नव्हे, हातानं कोरलेलं. एका पायाची रेघ जरा घसरलेली होती, त्यावरूनच कळलं.

मी चित्रकला शिकवते. पाचवी-सहावीला भेंडी आणि बटाटा कापून ठसेकाम करून घेण्यात माझी वीस वर्षं गेली. त्यामुळे मजकुरापेक्षा त्या घसरलेल्या रेघेकडेच माझं लक्ष. फोन केला, तर भाची म्हणाली, "मावशी, हे मला डोंगरात सापडलं. दगडाखाली डबा होता."

मग तिनं सगळं सांगितलं. तिच्या गावाजवळ डार्टमूर नावाचं ओसाड माळरान आहे. तिथं जेम्स पेरट या वाटाड्यानं १८५४ साली क्रॅनमिअर पूल नावाच्या दलदलीच्या, आडवळणी जागी एक बाटली ठेवली. तिथवर चालत येईल त्यानं आपल्या नावाचं कार्ड बाटलीत टाकायचं. पुढं लोक स्वतःचा पत्ता लिहिलेलं पोस्टकार्ड ठेवू लागले. नंतर येणाऱ्यानं ते उचलायचं आणि परत गेल्यावर टपालात टाकायचं. म्हणून नाव लेटरबॉक्स. आता डब्यात एक रबरी ठसा आणि एक वही असते. डब्यातला ठसा आपल्या वहीत उमटवायचा, आपला ठसा डब्यातल्या वहीत, आणि डबा होता तिथं जसाच्या तसा लपवायचा. १९९८ साली अमेरिकेतल्या स्मिथसोनियन मासिकात यावर लेख आला आणि तिकडेही हा नाद पसरला. चालणं जमत नाही किंवा जवळ डोंगर नाही अशांनी घरात, वाचनालयात लपवायचे आणि टपालानं फिरवायचे डबे काढले.

हे शेवटचं वाक्य तिनं सहज उच्चारलं. मी तिथंच अडकले.

कारण आमच्याकडं दगडाखाली डबा ठेवायचा तर कुठं? यवतमाळ जिल्ह्यात जंगल पुष्कळ आहे, पण ते रिकामं नाही. टिपेश्वरचे वाघ आहेत. राळेगाव-पांढरकवडा भागातली टी-१ वाघीण, जिला लोक अवनी म्हणत, ती २ नोव्हेंबर २०१८ ला मारली गेली. त्याआधीचे महिने माझ्या वर्गातल्या मुलांचे आईबाप शेतात एकेकटे जात नव्हते. त्या मुलांना "जा, झुडपात डबा शोधा" म्हणायला माझी जीभ रेटली नसती. उन्हाळ्यात ऊन ४५ अंशांच्या घरात, पावसाळ्यात काळ्या मातीत चप्पल रुतून बसणार. आणि बेवारस डबा दिसला की आधी पोलिसांना फोन जातो, वही उघडून बघायचं कुणाला सुचत नाही. तेव्हा आमची सुरुवात छपराखालीच व्हायची होती.

"लेटरबॉक्स" म्हटलं की सगळ्यांना तिठ्यावरची लाल पेटीच आठवायची. म्हणून मुलांनी बारसं केलं, ठसापेटी. पहिली ठसापेटी म्हणजे एका मुलीची जुनी कंपासपेटी. चपटी असल्यानं पुस्तकांमागं सहज बसते. आमच्या घराजवळच्या वाचनालयात परवानगी घेऊन ती ठेवली. सूचनापत्रात लिहिलं : "वणीत जन्मले. लोकनायक म्हणून ओळखले गेले. बिहारचे राज्यपाल झाले. त्यांच्या मागे नाही, त्यांच्या शेजाऱ्याच्या मागे पाहा." बापूजी अणे हे उत्तर मुलांनी पाच मिनिटांत काढलं. शेजारी म्हणजे डावा की उजवा, हे मी लिहिलंच नव्हतं. मुलांनी चरित्रांचं अख्खं कपाट जमिनीवर उतरवलं. ग्रंथपालांनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती मी विसरणार नाही. तेव्हापासून सूचना लिहून झाली की मी स्वतः तिच्यावरून चालून बघते. शेवटी हात नेमक्या एका जागी गेला पाहिजे, चार जागी नाही.

दोन आठवड्यांनी पेटी उघडली तर वहीत सात ठसे आणि निळ्या पेननं एक ओळ : "सकाळचे वर्तमानपत्र नऊच्या आत टेबलावर येत नाही." कुणा आजोबांना ती तक्रारवही वाटली होती. खाली मुलांपैकी कुणीतरी भेंडीचा ठसा मारून पोच दिली होती.

टपालातली पेटी मात्र मोठ्या माणसांची झाली. दारव्ह्याची माझी डी.एड.ची मैत्रीण, पुसदची वहिनी, वणीचे एक निवृत्त गणिताचे सर आणि उमरखेडची मामेबहीण. प्रत्येकीनं, आणि सरांनीही, वाटेवरचं एक टोपणनाव घ्यायचं आणि त्याला शोभेल असा ठसा स्वतः कोरायचा. दारव्ह्याची झाली शकुंतला, कारण मूर्तिजापूर-यवतमाळ ही ‘शकुंतला’ नावाची नॅरोगेज गाडी दारव्ह्यावरूनच जायची. तिच्या ठशातलं इंजिन एका बाजूनं चपटं झालं. ती म्हणाली, "बंदच पडलीय गाडी, चालेल." पुसदच्या वहिनीनं बंजारा भरतकामातला आरसा घेतला. वणीच्या सरांनी कोळशाचा खडा कोरला, म्हणजे चौकोन काळा ठेवला आणि एक कोपरा कापला. गणिताचा माणूस. मी पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड.

पहिलं बोंड मी थेट खोडरबरावर काढलं आणि खाली "य" कोरला. छापल्यावर "य" उलटा. बोंड उलटं झालं तरी बोंडच राहतं, अक्षराचं तसं नाही. नंतरची रीत अशी : पातळ कागदावर मऊ पेन्सिलीनं, ४बी असेल तर उत्तम, चित्र सुलटं काढायचं. कागद पालथा करून रबरावर ठेवायचा आणि चमच्याच्या पाठीनं घासायचं. चित्र रबरावर आपोआप उलटं उतरतं आणि छापताना पुन्हा सुलटं होतं. कोरताना ब्लेड आडवं आत घालायचं नाही. शेताच्या बांधासारखी रेघ हवी, वर अरुंद आणि पायथ्याशी रुंद, नाहीतर चार छापांत ढासळते. वळणावर ब्लेड फिरवू नये, रबर फिरवावं. हे वाक्य मी आता वर्गात रोज म्हणते.

ठशाचं आणखी एक उलटं गणित आहे. जे कोरून काढाल ते पांढरं, जे ठेवाल ते काळं. म्हणजे कापूस दाखवायचा तर कापूसच काढून टाकायचा. तो ठसा मी वर्गात छापून दाखवला. पुढच्या बाकावरचा मुलगा, घरी चार एकर कोरडवाहू, कागद डोळ्यांजवळ नेऊन म्हणाला, "मॅडम, एवढं पांढरं कुठं निघालं? आमच्या बोंडात तर कवडीच होती." २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं इकडच्या पऱ्हाटीची काय दशा केली ते मी पाहिलं होतं, तरी माझ्या हातून कॅलेंडरवरचंच बोंड उतरलं. त्या रात्री दुसरं रबर घेतलं. चारातली एक पाकळी अर्धी काळी ठेवली आणि कोपऱ्यात तिळाएवढी अळी. अळी कोरायला पाकळीपेक्षा जास्त वेळ लागला. मुलानं पाहिली आणि म्हणाला, "आता बरोबर."

पेटी म्हणजे एक छोटा डबा, मूळ ठसा आणि कोरी वही. वर मांजरपाटाची शिवलेली पिशवी. वडील आत्याला पुण्याला पार्सल पाठवायचे ते असंच शिवून, लाख लावून. आत एका चिठ्ठीवर पाच पत्ते क्रमानं. ज्याच्याकडं येईल त्यानं आठवड्याच्या आत ठसा द्यायचा-घ्यायचा, आपलं नाव खोडायचं आणि पुढच्याला रवाना करून सगळ्यांना कळवायचं. सगळ्यांचे पिन ४४५ नंच सुरू होतात. वणीच्या सरांनी पहिल्याच फेरीत वहीत टीप लिहिली की, पिन कोडची ही पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे पंडित होते आणि ती १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. ठशांच्या वहीत टिपा लिहायच्या नाहीत, असा नियम आम्ही केला नव्हता. बरं झालं केला नाही.

माझे यजमान म्हणाले, "यात नवीन काय? नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’च्या पेट्या अशाच घरोघर फिरतात." खरं आहे. पण त्यातली पुस्तकं आपण वाचतो, आणि इथली वही आपणच भरत असतो. शिवाय ती पेटी कुणीतरी नेऊन देतं, ही पोस्टाच्या भरवशावर.

त्या भरवशाची परीक्षा मीच घेतली. पहिल्या फेरीला आत शाईचा पॅडही घातला, म्हणजे कुणाला विकत घ्यायला नको. महिना मे. पेटी दारव्ह्याला पोचली तेव्हा मांजरपाटातून जांभळी शाई बाहेर आली होती आणि वहीची पहिली अकरा पानं एकमेकांना चिकटली होती. टपालाचा काही दोष नाही. पॅड ज्यानं त्यानं आपला ठेवावा, पेटीत कधीच घालू नये, आणि वही वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळावी. दुसऱ्या फेरीत पेटी पुसद-उमरखेडच्या मध्ये कुठंतरी एकोणीस दिवस बसली. आधी मी साध्या टपालानं पाठवायची, नंतर रजिस्टर करू लागले. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झालं. खर्च वाढला, पण पेटी कुठंवर आली ते फोनवर दिसतं. शकुंतलेला ते आवडत नाही. तिच्या मते, दिसायला लागल्यापासून वाट पाहण्यातली निम्मी चव गेली. मला वाटतं, एकोणीस दिवस तिनं काढले नव्हते.

त्याच दुसऱ्या फेरीत पुसदहून निघताना वहीत एक गोष्ट घडली होती, ती मला पेटी परत आल्यावर दिसली. वहिनी ठसा उमटवत बसली असताना तिच्या सासूबाई शेजारी आल्या. हे काय, कुणाचं, कशाला, सगळं विचारून झालं. मग म्हणाल्या, "मंग माहा कायले नाही?" त्यांनी पॅडवर अंगठा ठेवला आणि आरशाच्या ठशाशेजारी दाबला. खाली वहिनीनं तहसिलीतल्या कागदासारखं लिहिलं : निशाणी डावा अंगठा. त्या पानावर सगळ्यांत स्वच्छ उमटलेला ठसा तोच आहे. एक रेघ ढासळलेली नाही.

या वर्षी तीच वही, दुसरा ठसा आणि मुलांनी कोरलेले नऊ तुकडे असं सगळं भाचीकडं पाठवायचं ठरलं. तिच्या माळरानावर लपवायला. पोस्टात परदेशी पार्सलाचा फॉर्म भरावा लागतो. आत काय, वजन किती, किंमत किती. मी लिहिलं : वही एक, खोडरबर दहा.

खिडकीतल्या बाईंनी फॉर्म वाचला, मग माझ्याकडं पाहिलं. "ताई, खोडरबर तिकडं मिळत नाहीत का?"

"मिळतात," मी म्हणाले. "कोरे."

त्यांनी एक तुकडा उचलून बोटानं अळीवरून हात फिरवला, मग शाईच्या पॅडवर टेकवून आपल्या डायरीच्या कोपऱ्यात दाबला आणि पावती फाडली.