वाटलं आणि घेतलं!

साडी घ्यायची असली, की पूर्वी घरात आठवडाभर आधी तिचा विषय निघायचा. किती रुपयांपर्यंतची घ्यायची, कुठल्या दुकानात जायचं, सोबत कुणाला न्यायचं, सगळं ठरायचं. दुकानात गादीवर बसून पंचवीस साड्या उलगडल्या जायच्या. पदर खांद्यावर टाकून आरशात पाहिलं जायचं, पोत बोटांनी पारखला जायचा. एवढं होऊनही ‘उद्या येते हं’ म्हणून बाई उठली, तर दुकानदार मनातून कितीही चिडला तरी ‘या वहिनी’ म्हणून हसायचा. वाणसामानाचंही तसंच. महिन्याच्या सुरुवातीला वहीच्या पानावर यादी व्हायची. यादीत नसलेली वस्तू घरात आली, तर ‘हे कशाला आणलंस?’ हा सासूबाईंचा प्रश्न ठरलेला असायचा.

त्या प्रश्नाचा तेव्हा राग यायचा. पण त्यात एक सोयही होती. एखादी वस्तू हवीशी वाटणं आणि ती विकत घेणं, या दोन गोष्टींच्या मध्ये काही थांबे होते. दुकानापर्यंतची चाल, पिशवीचं ओझं, पाकिटातल्या नोटा मोजणं, घरच्यांची नजर. या थांब्यांवर कितीतरी इच्छा आपोआप गळून पडायच्या आणि महिनाअखेरीला चार पैसे हाती राहायचे.

आता रात्री अकरा वाजता, घरातले दिवे मालवल्यावर, मोबाइलच्या पडद्यावरून बोट सरकत असतं. वाटलं, दाबलं, घेतलं! ऑनलाइन दुकानांचा गेल्या तीस वर्षांचा इतिहास पाहिला, तर तो एका अर्थानं हे मधले थांबे एकेक करून काढून टाकण्याचा इतिहास आहे.

तसं दूरवरून वस्तू मागवणं भारतीय घरांना अगदीच नवं नव्हतं. मासिकातली जाहिरात पाहून पुस्तकं, औषधं, शिवणकामाची साधनं व्ही.पी.नं मागवायची पद्धत एकोणिसाव्या शतकापासून आहे. पोस्टमननं पैसे घ्यायचे आणि मगच पार्सल हातात द्यायचं. ज्या दुकानदाराचं तोंडही पाहिलेलं नाही, त्याला आधी पैसे कसे पाठवायचे? ही शंका तेव्हाही होती आणि तिच्यावर टपाल खात्यानं हा तोडगा काढला होता.

अमेरिकेत जेफ बेझोस यांच्या अ‍ॅमेझॉननं १९९५ साली इंटरनेटवरून विक्री सुरू केली, ती पुस्तकांची. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमनं भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. पण भारतीय घरांनी लगेच खरेदी सुरू केली नाही. २००२ साली रेल्वेची तिकिटं ऑनलाइन मिळू लागली, तेव्हा अनेकांनी पहिल्यांदा संगणकावरून पैसे भरले. दिल्लीच्या आयआयटीत शिकलेल्या सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल यांनी २००७ साली बंगलोरमध्ये फ्लिपकार्ट काढलं, तेही पुस्तकांपासूनच. यात एक साधं कारण दडलेलं आहे. तिकीट काय किंवा पुस्तक काय, हातात घेऊन पारखावं लागत नाही. कुठूनही घेतलं तरी ते तेच असतं.

अडचण होती ती बाकीच्या वस्तूंची. चप्पल पायात घालून पाहिल्याशिवाय, कापडाला हात लावल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत, हा इथल्या ग्राहकाचा स्वभाव. शेवटी दुकानालाच वाकावं लागलं. २०१० साली फ्लिपकार्टनं ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ आणली, म्हणजे वस्तू दारात आली की रोख पैसे द्यायचे. व्ही.पी.चीच ही नवी आवृत्ती. त्यासोबत ‘पसंत न पडल्यास परत’ हे आश्वासनही आलं. दुकानांना ही पद्धत महाग पडली, कारण दारापर्यंत आलेलं पार्सल ‘आता नको’ म्हणून परत गेलं, तर जाण्यायेण्याचा खर्च त्यांच्याच माथी. पण भारतातल्या ग्राहकाचा विश्वास बसला तो याच वाटेनं. पैसे देण्याआधीचा शेवटचा थांबा त्यानं आपल्या हातात राखून ठेवला होता.

दुसरीकडे थांबे काढण्याचं काम चालूच होतं. ग्राहकाचा पत्ता आणि कार्ड आधीच नोंदवून ठेवायचं आणि एकदा बटण दाबलं की खरेदी पूर्ण, या युक्तीचं पेटंट अ‍ॅमेझॉननं अमेरिकेत १९९९ साली मिळवलं. दुसऱ्याच वर्षी अ‍ॅपलनं ही पद्धत वापरण्यासाठी रीतसर परवाना घेतला. एक क्लिक वाचवण्याची एवढी किंमत! कारण प्रत्येक जादा पायरीवर काही ग्राहक विचार बदलतात, हे दुकानदारांना पक्कं ठाऊक असतं. भारतात मात्र रिझर्व्ह बँकेनं २००९ सालापासून ऑनलाइन कार्ड व्यवहाराला जादा पडताळणी सक्तीची केली. ओटीपीची वाट पाहताना कंटाळा येतो खरा, पण चोरांपासून रक्षण करता करता ती काही सेकंदं विचारालाही मिळतात.

२०१६ साली यूपीआय आलं. त्याच वर्षी मोबाइलवरचं इंटरनेट स्वस्त झालं आणि नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी झाली. भाजीवाल्याच्या गाडीवरही चौकोनी कोड लटकू लागला. शंभराची नोट मोडताना जीवावर यायचं, पण पडद्यावरचा आकडा कमी होताना तसं काही वाटत नाही. आणि आता मोठ्या शहरांतून कोथिंबिरीपासून चार्जरपर्यंत सारं काही मिनिटांत दारात येतं. ‘काकू, ओटीपी सांगा’ म्हणणारा मुलगा जिना उतरेपर्यंत घरात कुणीतरी पुढची ऑर्डर टाकत असतं. महिन्याची यादी मोडली, ती इथे. संपेल तेव्हा मागवू, या सवयीत काय किती आणलं याचा हिशेबच लागत नाही.

म्हणून ही खरेदी वाईटच, असं मात्र नाही. तालुक्याच्या गावात न मिळणारं पुस्तक, मापाची चप्पल, आजोबांच्या गुडघ्याचा पट्टा घरबसल्या मिळतो. आतले कपडे किंवा सॅनिटरी पॅड पुरुष दुकानदाराकडे मागताना होणारा संकोच कितीतरी मुलींचा वाचला. हैदराबाद किंवा दिल्लीच्या मराठी घराला भाजणी आणि गोडा मसाला मिळू लागला. चार दुकानांतले भाव एकाच जागी पाहता येतात, ही सोय पूर्वी कुठे होती?

प्रश्न आहे तो पारखण्याचा. पूर्वी ग्राहक मालाची पारख करायचा. आता माल पडद्याआड असतो आणि पारख होते ती ग्राहकाची. तो काय पाहतो, कुठे रेंगाळतो, कशावरून परत फिरतो, याची नोंद राहते आणि त्याप्रमाणे दुकान त्याच्यापुढे मांडलं जातं. ‘फक्त दोनच शिल्लक’, ‘सवलत संपायला दहा मिनिटं’ ही वाक्यं उगाच लिहिलेली नसतात. डॅनिएल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली दाखवून दिलं होतं, की काही मिळाल्याच्या आनंदापेक्षा तेवढंच गमावल्याचं दुःख माणसाला मोठं वाटतं. कानेमन यांना २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. संधी हातची जाईल या भीतीनं नको असलेली वस्तूही घेतली जाते, ती या स्वभावामुळे. पाचशेच्या वर घरपोच फुकट, म्हणून चाळीस रुपये वाचवण्यासाठी दीडशेचा डबा जास्त घेणारी गृहिणी अडाणी नसते. तिला ‘फुकट’ या शब्दानं गाठलेलं असतं.

सुदैवानं कायदा अगदीच झोपलेला नाही. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा २०१९ च्या कायद्यानं घेतली आणि जुलै २०२० पासून तो अमलात आला. त्यासोबतच्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेता कोण, वस्तू कुठल्या देशातली, परत करण्याच्या अटी काय, हे दुकानानं स्पष्ट सांगायला हवं. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. ग्राहकाच्या संमतीची खूण आधीच करून ठेवायला मनाई आहे. विक्रेता कुठेही असो, ग्राहकाला आपण राहतो तिथल्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी सरकारनं फसव्या मांडणीचे, म्हणजे ‘डार्क पॅटर्न’चे, तेरा प्रकार नाव घेऊन निषिद्ध ठरवले. खोटी घाई लावणं, न सांगता टोपलीत वस्तू घुसवणं, शेवटच्या पायरीवर किंमत वाढवणं, सभासदत्व सोडणं अवघड करून ठेवणं, हे सारं त्यात येतं. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक घरातल्या सगळ्यांना पाठ असायला हरकत नाही.

पण घाईघाईत स्वखुशीनं केलेल्या खरेदीवर कुठलाही कायदा औषध देऊ शकत नाही. तिथे घरालाच काहीतरी करावं लागतं. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीनं यासाठी एक सुरेख वाट दाखवली. शेजारपाजारची कुटुंबं संघ करून महिन्याच्या सामानाची मागणी आधी नोंदवतात, एकत्र खरेदी होते आणि आलेला माल सगळे मिळून वाटून घेतात. दुकानात न जाता घराजवळ माल मिळण्याची सोय यातही आहे. फरक इतकाच, की आधी विचार होतो आणि मग मागणी. इथे यादी घर ठरवतं, पडदा नव्हे.

जुन्या बाजारात थांबे बाहेर होते, आता ते घरात उभे करायला हवेत. त्याला फार काही लागत नाही. फ्रिजवर एक कागद चिकटवावा, जे संपेल ते त्यावर लिहावं आणि आठवड्यातून एकदाच मागवावं. दुकानाच्या सूचना मोबाइलवर बंद कराव्यात. कार्डाचा क्रमांक दुकानाकडे ठेवू नये, दरवेळी स्वतः भरावा. खर्च करणाऱ्यानं महिनाअखेरीला ऑर्डरींची यादी एकदा मोठ्यानं वाचावी आणि तीही मुलांसमोर, कारण पैसे मोजायला ती घरातूनच शिकतात. आणि रात्री काही फारच हवंसं वाटलं, तर ते टोपलीत टाकावं आणि मोबाइल बाजूला ठेवून झोपावं. वस्तू खरोखरच गरजेची असेल, तर ती सकाळीही हवीच असेल.