बीजकातील एक ओळ

सांगलीच्या मार्केट यार्डात चाळीस वर्षे हळदीची आडत पेढी सांभाळलेले अण्णा, पेढी धाकट्याकडे सोपवून, एका उन्हाळ्यात थोरल्या मुलाकडे अमेरिकेत गेले. मुलगा मिशिगन राज्यात डेट्रॉइटजवळ अभियंता. घर पाहून झाले, देवदर्शन झाले, आणि मग गॅरेजचे दार वर सरकले. आत 1964 सालची पाँटिअक जीटीओ उभी होती. अंगावर नवा निळा रंग, पुढच्या जाळीत दोन्ही बाजूंना दोन-दोन दिवे, आणि बॉनेटखाली 6.4 लिटरचे, 325 अश्वशक्तीचे इंजिन.

अण्णांनी परिग्रह-परिमाणाचे व्रत घेतलेले; त्यांच्या यादीत वाहन एकच. "अरे, रोजची गाडी आहे ना? मग ही कशाला?" मुलाने उत्तराऐवजी एक कागद पुढे केला. कारखान्याने विक्रेत्याला पाठविलेल्या मूळ बीजकाची ती प्रत होती. अण्णांनी चष्मा लावला.

त्या कागदाची कथा व्यापाऱ्याला आवडावी अशीच आहे. मध्यम आकाराच्या गाडीत 330 घनइंचांहून मोठे इंजिन बसवायचे नाही, असा जनरल मोटर्सचा नियम होता. पाँटिअकच्या जॉन डेलोरियन आदी अभियंत्यांनी नियम मोडला नाही, त्याला वळसा घातला. 389 घनइंचांचे इंजिन त्यांनी 'टेम्पेस्ट लमान्स' या साध्या गाडीवर सुमारे 296 डॉलरांचे ऐच्छिक सामान म्हणून लावले. अशा सामानाला वरच्या मजल्याची मंजुरी लागत नसे. पाच हजार गाड्या खपतील असा अंदाज होता, खपल्या 32,450. अमेरिकेत ज्यांना 'मसल कार' म्हणतात, त्यांची परंपरा बहुतेक जण येथूनच मोजतात.

पण ऐच्छिक सामान असल्यामुळे 1964 आणि 1965 च्या गाड्यांच्या चॅसिस क्रमांकात जीटीओची खूणच नाही. साध्या लमान्सवर बिल्ले चढवून कोणीही ती जीटीओ म्हणून विकावी. इंजिन बदलता येते, रंग बदलता येतो. खरेपणाचा भरवशाचा पुरावा म्हणजे बीजकातील ती एक ओळ. पाँटिअक हे नाव 2010 साली बंद झाले, तरी जुन्या बीजकांच्या प्रती आजही मिळतात. तारणाची कागदपत्रे तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. अण्णांनाही वाटले नाही. "कागद चोख आहे," एवढेच ते म्हणाले, पण आवाज निवळला होता.

जूनमध्ये तिकडे सूर्य नऊनंतर मावळतो. सूर्यास्तापूर्वीचे जेवण उरकून, उजेड असतानाच, एके दिवशी बापलेक फिरायला निघाले. दुपारी पाऊस पडून गेला होता. तळ्याकाठच्या वळणावर रानहंसांचे एक जोडपे रस्ता ओलांडत होते, मागे पाच-सहा पिले. मुलाने ब्रेक दाबला. चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम. पाणी शिरले की त्यांची पकड सुटते आणि गाडी एका अंगाला ओढते. दीड टनाहून जड ती गाडी तिरकी घसरत गेली आणि शेवटच्या पिलापासून दोन हातांवर थांबली. अण्णांचे ओठ णमोकार म्हणत हलत होते. मुलाचे हात सुकाणूवरून सुटत नव्हते.

घरी परतेपर्यंत कोणी बोलले नाही. मग अण्णांनी विचारले, "पुढचा खर्च कशावर धरला आहेस?"

"इंजिनावर, अण्णा. इंधन इंजेक्शन बसवून ताकद वाढवायची आहे."

"आणि ब्रेक?"

"ते मूळचे आहेत. बदलले तर किंमत उतरेल."

"उधारी वाढवायची तर वसुलीची सोय आधी बघतात," अण्णा म्हणाले.

मुलगा दोन दिवस धुमसला. जुन्या गाड्यांच्या बाजारात मूळ भागांना भाव असतो, हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. तिसऱ्या दिवशी त्याने यांत्रिकाला फोन केला. इंजिनाचा बेत लांबणीवर पडला. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आले. जुन्या मास्टर सिलिंडरात एकच परिपथ. गळती झाली की चारही ब्रेक एकदम जात. त्याच्या जागी पुढच्या-मागच्या चाकांना स्वतंत्र परिपथ देणारा आला. टायर रेडियल झाले. छिद्र पाडायचे नाही, वेल्डिंग करायचे नाही, अशी मुलाची अट होती. अण्णांनी काढलेला प्रत्येक भाग तेलाच्या फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवला आणि वहीत नोंद केली: ड्रम, नग 2, मास्टर सिलिंडर, नग 1, स्प्रिंगा, दोन जोड.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची मोठी मिरवणूक निघते. तेथे एका जाणकार गृहस्थाने वाकून चाकाआड पाहिले आणि मान हलवली. मूळचे ब्रेक फेकून दिलेत वाटते, असे तो म्हणाला.

मुलाने घडीच्या खुर्चीकडे पाहिले. अण्णांनी पिशवीतून वही काढली आणि पान उघडून त्याच्या हाती दिले.