आळ

गेल्या रविवारी दुपारी मी गवार मोडत बसले होते, तोच आतल्या खोलीतून भोंगा वाजल्यासारखा आवाज आला. पाठोपाठ सासूबाईंची हाक, “अगं, बघ गं काय झालं ते!” धावत गेले तर संगणकाचा पडदा लालभडक. ‘तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे, बंद करू नका, ताबडतोब या नंबरवर फोन करा’ असं इंग्रजीत लिहिलेलं, आणि एक बाई तेच मोठमोठ्यानं बजावत होती. समोर आमचा ओंकार, दोन्ही हात कानांवर.

मी आधी काय केलं असेल? त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. “किती वेळा सांगितलं, ते फुकटचे गेम उतरवू नकोस म्हणून!”

“आई, मी नाही गं काही केलं,” तो रडत म्हणाला. मी ऐकलं नाही. महिनाभर संगणक बंद, अशी शिक्षाही सुनावून टाकली. सासूबाई दारातूनच विचारत होत्या, “आता पोलीस येतात का गं?”

खोटं कशाला सांगू, मोबाइलवर तो नंबर मी निम्मा दाबलाही होता. मग काय वाटलं कुणास ठाऊक, आमच्या शाळेतल्या संगणकाच्या बाईंना फोन लावला. त्या चक्क हसल्या. “अहो बाई, ते नुसतं एक पान आहे, भिंतीवर चिकटवलेल्या जाहिरातीसारखं. विंडोजच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. फोन केलात तर तो माणूस गोड बोलून लांबूनच तुमचा संगणक ताब्यात घेईल आणि दुरुस्तीचे म्हणून पैसे उकळेल.” असे पैसे कुणी दिलेच, तर वेळ न घालवता १९३० वर तक्रार करायची, हेही त्यांनी सांगितलं. कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला, त्यातून ब्राउझर बंद केला, आणि भोंगा थांबला. पुन्हा उघडताना ‘आधीची पानं परत आणू का?’ असं विचारलं, तर नाही म्हणायचं.

पण तेवढ्यानं संपलं नव्हतं. आठ-दहा दिवसांपासून कोपऱ्यात जाहिराती उड्या मारत होत्याच. गूगल उघडावं तर भलतंच पान यायचं. दुकानदाराला विचारलं, तो म्हणाला, “फॉरमॅट मारावा लागेल, दोन हजार होतील.” ह्यांनी फोनवरून सांगितलं, “देऊन टाक.” ह्यांची नोकरी परगावी, तिथून सांगणं सोपं असतं! फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी पुसणं. त्यात मामंजींच्या पंचाहत्तरीचे फोटो होते. मामंजी आता नाहीत, आणि त्या फोटोंची दुसरी प्रत आम्ही कधी काढलीच नव्हती. शिवाय माझ्या दोन वर्गांचे सहामाहीचे गुण.

तेव्हा ठरवलं, आधी आपण करून बघू.

पहिल्यांदा फोटो आणि गुण पेन ड्राइव्हवर घेतले. बाईंनी बजावलं होतं, फक्त फोटो आणि कागदपत्रं घ्या, कुठलाही प्रोग्रॅम नको. मग विंडोज सिक्युरिटी उघडली. हा पहारेकरी विंडोजबरोबर फुकटच येतो, हे मला माहीतच नव्हतं! त्यात ‘फुल स्कॅन’ लावला. आमच्या जुन्या यंत्रानं साडेतीन तास घेतले, तोवर माझा स्वयंपाक, जेवणं, भांडी सगळं उरकलं. त्यानंतर ‘ऑफलाइन स्कॅन’. त्यात संगणक आपण होऊन बंद होतो आणि विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आतच झडती घेतो, म्हणजे दडून बसलेल्याला पळायला वाव नाही. याला पंधरा-वीस मिनिटं पुरली.

तिसरं साधन ॲडवक्लीनर. हे मालवेअरबाइट्स कंपनीचं, फुकट, आणि संगणकात बसवावंही लागत नाही. मात्र कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्यायचं. त्यानं सत्तावीस गोष्टी हुडकल्या आणि क्वारंटाइनमध्ये टाकल्या. (हा शब्द कोरोनानं आपल्या सासूबाईंनासुद्धा शिकवलाय.) आपल्याकडे सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राकडूनही २०१७ पासून अशी साधनं फुकट मिळतात. पण एकावेळी दोन अँटिव्हायरस पहाऱ्याला बसवू नयेत. एका स्वयंपाकघरात दोन मालकिणी झाल्या की काय होतं, ते तुम्हांला मी काय सांगावं!

कोपऱ्यातल्या जाहिराती तरी राहिल्याच. तो व्हायरस नव्हताच. कधीतरी कुठल्याशा साइटला ‘अलाऊ’ म्हटलं होतं, त्याचा तो प्रसाद. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन नोटिफिकेशनच्या यादीतली आठ अनोळखी नावं काढली, तेव्हा कुठे शांतता झाली.

शेवटचं काम राहिलं होतं. संगणकात बसवलेल्या प्रोग्रॅमची यादी तारखेप्रमाणे लावायची आणि ओळखीचं नसेल ते काढायचं. ओंकार बाजूला झोपला होता. यादीत एकाखाली एक, एकाच तारखेची तीन नावं. पहिलं होतं जुना मराठी टाइप युनिकोडमध्ये बदलून देणारं.

त्या दिवशी ओंकार शाळेच्या सहलीला गेला होता. आणि रात्री सहामाहीचा पेपर करत बसले होते मी. मागच्या वर्षीचा पेपर उघडला तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी, म्हणून ते फुकटचं साधन शोधलं. पानावर तीन-तीन हिरवी ‘डाउनलोड’ बटणं, त्यातलं सगळ्यांत मोठं दाबलं. मग नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट. खाली बारीक अक्षरांत आधीच बरोबरच्या खुणा केलेल्या होत्या, त्या कोण वाचतंय! त्यांतूनच बाकीची दोन आत आली होती.

तिन्ही काढून टाकली. मेलचा आणि बँकेचा पासवर्ड मोबाइलवरून बदलला. तोवर साडेबारा वाजले होते, पण झोप लागेना.

सकाळी डबा भरताना ओंकारला सगळं सांगितलं. तारीखही दाखवली. तो बराच वेळ यादीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “आजीलापण सांग. तिला वाटतंय मीच केलं.”

सासूबाईंना त्याच्यासमोर सांगितलं. ह्यांना मात्र अजून सांगितलेलं नाही. हा अंक घरी आला की वाचतीलच.