हडपसर ते सुपे : नातीला दाखवलेले वाळवंट

गेल्या मार्गशीर्षात हडपसरला लेकीकडे गेलो होतो. नात ७ वर्षांची, दुसरीत आहे. शाळेत वाळवंटाचे चित्र काढायला सांगितले होते. तिने पिवळी वाळू, एक उंट आणि वर भला मोठा सूर्य काढला आणि मला विचारले, "आबा, लई ऊन पडलं की वाळवंट होतं ना? मग आपल्याकडं उन्हाळ्यात का नाही होत?"

शेतकीचा पदवीधर होऊन ३० वर्षे खात्यात काढली, पण पोरीला पटेल असे उत्तर काही चटकन सुचेना. म्हटले, "उद्या सुप्याला जाऊ. वाटेत सांगतो."

सकाळी गाडीतळावर एस.टी. धरली. आषाढात दोन्ही पालख्यांची वाट या हडपसरातच फुटते. माउली दिवे घाटाने सासवडला जातात, तुकोबा लोणी काळभोरला. आम्ही तुकोबांच्या वाटेने निघालो. एके काळी इथे भाजीचे मळे होते, आता मगरपट्ट्यात इमारती उभ्या आहेत. खडकवासल्याचा कालवा मात्र अजून हडपसरातून दौंड-इंदापूरकडे वाहतो.

नातीला म्हटले, "आई भात शिजवते तेव्हा झाकणाला आतून काय लागतं?"

"पाणी."

"ते आलं कुठून? वाफ वर गेली, गार झाली, तिचं पाणी झालं. समुद्रावरचं वारं सह्याद्रीवर चढतं तेव्हा असंच होतं. चढता चढता गार होतं आणि पाणी सोडतं."

म्हणून महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, पुण्यात जेमतेम सातशेच्या आसपास, आणि सुप्याकडे पाचशेसुद्धा पुरा नाही. वारे घाट उतरून आपल्याकडे येते तेव्हा त्याची पिशवी निम्मीअधिक रिकामी झालेली असते. यालाच आम्ही पर्जन्यछाया म्हणतो.

"आणि खाली उतरणारं वारं?" पोरीने बरोबर तिथेच बोट ठेवले. मी विचारले, "सायकलला पंप मारल्यावर पंप खालून कसा लागतो?" म्हणाली, "गरम!" हवा दाबली की तापते. उंचावरून खाली उतरणारी हवाही अशीच दाबली जाते, तापते आणि कोरडी होते. तिच्यात ढग टिकत नाही.

खरी वाळवंटे अशाच उतरत्या हवेखाली आहेत. पृथ्वीच्या मध्यावर, विषुववृत्तापाशी, गरम हवा वर चढते आणि धो धो कोसळते. तिथे घनदाट जंगले आहेत. पाणी सांडून बसलेली ती हवा उंचावरून उत्तरेला आणि दक्षिणेला जाते आणि ३० अंशांच्या आसपास खाली उतरते. सहारा, अरबस्तान आणि आपले थर हे उत्तरेच्या पट्ट्यातले, तर दक्षिणेला कलहारी आणि ऑस्ट्रेलियाचे वाळवंट. वर्षाला अडीचशे मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस तिथे वाळवंट, असा ढोबळ हिशेब. जैसलमेरला दोनशेही पडत नाही. तिथे दिवसा अंग भाजते आणि हिवाळ्यात रात्री हुडहुडी भरते, कारण उष्णता धरून ठेवायला वर ढगांचे पांघरूण नसते.

उन्हाने वाळवंट होत असते तर पहिले आपल्या चंद्रपूरला झाले असते. तिथे पारा ४५ च्या पुढे जातो, पण पाऊस चांगला हजाराच्या वर. म्हणून शेजारीच ताडोबाचे जंगल आहे.

यवतजवळ उसाचे फड लागले. नात म्हणाली, "इथं तर हिरवं आहे!" तिला सांगितले, हे घाटातलेच पाणी, कालव्याने आणलेले. थरमध्येही १९५८ पासून असाच कालवा खणत नेला. त्याला आज इंदिरा गांधी कालवा म्हणतात. सतलज-बियासच्या पाण्यावर वाळूत गहू पिकू लागला आणि काही ठिकाणी जमीन क्षारपडही झाली. हा दुसरा भाग नातीसाठी नव्हता, पण उसाला मोकाट पाणी देणाऱ्या वाचकांसाठी मुद्दाम लिहितो.

चौफुल्याहून सुप्याला वळलो की माळ लागतो. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. गुडघाभर पिवळे गवत, मधूनच बोर-बाभळी. थोडे थांबलो तर समोरून ४ चिंकारा गेले. हे हरीण थरच्या वाळवंटातही असते. पाल्यातल्या आणि दवाच्या ओलाव्यावर ते बरेच दिवस काढते.

"म्हणजे हे वाळवंटच!" नात टाळ्या पिटत म्हणाली.

"नाही बाई. हा गवताचा माळ आहे."

हे सांगताना माझीच मला लाज वाटली. नोकरीच्या सुरुवातीला असाच एक माळ 'पडीक' समजून मी तिथे खड्डे खणायला लावले होते. रोपे दोन उन्हाळ्यांत वाळून गेली. एक म्हातारा धनगर म्हणाला, "साहेब, झाड जगलं न्हाई आन् गवतबी गेलं." त्या माळावर त्याची मेंढरे चार महिने चरत होती. पाचशे मिलिमीटरमध्ये जे आपोआप उगवते, त्यालाच आम्ही ओसाड म्हणत होतो.

माझा जन्म १९७० चा. ७२ च्या दुष्काळात आई मला पाटीशेजारी निजवून खडी फोडायची, सुकडीवर दिवस काढायची. ती सांगायची, माळावर काडी उरली नव्हती, सगळे म्हणत आता वाळवंटच झाले. पुढच्या पावसाळ्यात पाऊस झाला आणि तोच माळ पुन्हा हिरवा झाला. नातीला म्हटले, "दुष्काळ पाहुण्यासारखा येतो नि जातो. वाळवंटात पाऊसच पाहुणा असतो."

परतीच्या गाडीत ती मोज्यांतली कुसळे वेचत बसली. रात्री जेवणे झाल्यावर अंगणातून पंपाचा फुसफुस आवाज येऊ लागला. सायकलच्या चाकात हवा भरलेलीच होती. आईचा हात धरून तिने पंपाच्या बुडाला लावला आणि म्हणाली, "बघ, सहारा!"