कागदाआधीची ओळख

नाशिक

चि. ऋता,


डॉक्टरांनी सांगितलेलं नसताना स्वतःला ऑटिस्टिक म्हणणं हा खोटेपणा आहे का, असं तू विचारलंस. माझं उत्तर, नाही. पण नुसत्या 'नाही'वर तुझं समाधान होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

लिओ कॅनर यांनी 1943 साली ज्या 11 मुलांवरून ऑटिझमचं वर्णन केलं, त्यांत 8 मुलगे होते. पुढे कित्येक वर्षं डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर मुलगेच राहिले. वर्गात पहिली येणारी, मैत्रिणींचं हसणं-बोलणं पाहून तसंच वागणारी आणि घरी आल्यावर दार लावून पडून राहणारी मुलगी त्यात बसत नव्हती. ती 'घुमी' ठरली. तूही ठरलीस.

आजही आपल्याकडची बहुतेक केंद्रं लहान मुलांसाठी आहेत. मोठ्यांची तपासणी करणारे मोजके, आणि फी सगळ्यांना झेपणारी नाही. म्हणून ऑटिस्टिक मंडळींपैकी पुष्कळजण स्वतःची ओळख स्वतःला पटलेल्यांनाही आपलं मानतात. कागदाची अट घातली तर आधी बाहेर राहतात त्या बायका, वयस्कर माणसं आणि गरीब, हे त्यांना ठाऊक आहे.

मात्र ओळख पटवायची तर कसून पटव. तू सोडवलीस ती ऑटिझमची लक्षणं मोजणारी 50 प्रश्नांची एक्यू चाचणी केंब्रिजच्या संशोधकांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केली. त्यांच्या अभ्यासात निदान झालेल्या प्रौढांपैकी सुमारे 80 टक्क्यांना 32 किंवा जास्त गुण मिळाले. म्हणजे निदान झालेल्या पाचांतला एक त्या रेषेखालीच राहिला, आणि निदान नसलेले काहीजण वर गेले. ती चाळणी आहे, निकाल नव्हे.

लोकांत जायची धास्ती, एडीएचडी, जुने मानसिक आघात, यांचीही लक्षणं अशीच दिसू शकतात. शिवाय एकाच माणसात दोन गोष्टी असू शकतात. 2013 पर्यंत मानसोपचारातल्या अमेरिकन निदान-नियमावलीत ऑटिझम आणि एडीएचडी ही निदानं एकत्र करता येत नसत, आता येतात. ऑटिझमची मुळं बालपणात असतात, म्हणून ताईला, तुझ्या आईला, विचार: कुकरच्या शिट्टीला कान झाकायचीस का, ठरलेला बेत बदलला की काय करायचीस? ती सांगेल ते वहीत उतरव. पुढेमागे डॉक्टरांकडे गेलीस तर तीच वही कामाला येईल. उद्या वेगळंच काही निघालं तर तेही मान्य करायची तयारी ठेव.

आमच्या विशेष शाळेतले काही पालक अशी स्वतःच ओळख ठरवण्यावर चिडतात. त्यांची मुलं बोलत नाहीत, त्यांना आयुष्यभर सोबत लागते. त्यांचा राग समजून घे. तू तुझ्यापुरतं बोल, त्या मुलांच्या वतीने नको.

दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये ऑटिझम आहे. पण नोकरीतल्या आरक्षणासारख्या सवलतींसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. तिथे स्वतःची खात्री चालत नाही, आणि ते योग्यच आहे. ऑफिसात हेडफोन लावायला किंवा गर्दीतून लवकर निघायला मात्र कोणाचा शिक्का लागत नाही. तेव्हा मेमधल्या लग्नात नकोसं झालं की सरळ नीघ. ताईशी मी बोलेन.

तुझी,
शैलामावशी